पऱ्हाटीची नवी शेगडी

माय, नवी शेगडी घेतली. सोबत ओव्हनही घेतला. ओव्हन म्हणजे एक बंद पेटी असते. बाहेरून जाळ दिसत नाही, धूर नाही, राख नाही, तरी आत ठेवलेलं भाजून निघते. तू असती तर म्हटली असती, "जाळ दिसत नाही ते कायची चूल व?" आणि पदर खोचून आत वाकून पाहिलं असतं.

तुला पत्र लिहायची सवय मोडली होती. लग्न होऊन अकोल्याला आली तेव्हा दोन महिन्यांनी एक कार्ड टाकायची, आठवते? तुला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायची ती तुझी धाकटी लेक. म्हणून त्या कार्डांत मी कधी खरं लिहिलं नाही. 'मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असाल', संपलं. त्याच्यापुढं काही लिहायला बसली की तिचा आवाज कानात यायचा. माझ्या सासूनं मला काय म्हटलं ते ती धड्यासारखं, स्वल्पविराम घेत घेत वाचून राहिली, असं वाटायचं आणि हात थांबायचा. हे पहिलंच पत्र, जे ती वाचणार नाही. मी चार वर्ग शिकलेली. बोलताना 'मले' आणि लिहिताना 'मला', एवढं तेव्हाच्या मास्तरीणबाईंनी पट्टी मारून शिकवलं, तेवढं टिकलं. बाकी चुका राहिल्या तर राहू दे.

पहिले तुला एक गोष्ट सांगते, जी मी कोणालाच सांगितली नाही. पोराला नाही, धाकटीला नाही, शेजारच्या आपाला नाही. मला वास येत नाही. ती तापाची साथ आली होती, सगळ्या जगाला झाली, मलाही झाली. सगळ्यांचा वास गेला आणि सगळ्यांचा परत आला. माझा आलाच नाही. खारट कळते, आंबट कळते, तिखट तर कळतेच, पण बाकी सगळं तोंडात कागद धरल्यासारखं. फोडणी टाकली की ठसका लागतो, त्यावरून समजायचं की मोहरी तडकली. भाजी विटली का नाही ते बोट लावून पाहायचं. माझ्या हातचं खाणारं आता घरात कोणी नाही, तुझे जावई जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून हे झाकून राहिलं. आणि झाकायचं कारण तुला तरी वेगळं सांगायला नको. बिननाकाची सैपाकीण म्हणजे काय हे तुझ्याइतकं कोण ओळखन? "घड्याळ भितीवर नसते, नाकात असते," हे तूच म्हणायची ना.

मग पोळ्याच्या आधी ते दूध उतू गेलं. दूध शेगडीवर ठेवलं आणि मी बाजूलाच पाटावर तुरीची डाळ निवडत बसली. दूध वर आलं, उतलं, जाळ विझला. गॅस तसाच सुटत राहिला. मी डाळ निवडतेच आहे. इकडून तिकडून एक खडा सापडला की मला आनंद. तेवढ्यात आपा दार ढकलून आत आली, एका हातानं ओढणी नाकाला लावलेली, आणि पहिले खटकन बटण बंद केलं. "अगे भाभी! पूरी गल्ली में गॅस की बास आ रई, और तुम सामने बैठे? नाक में रुई भर के बैठे क्या?" मी म्हटलं, सर्दी झाली. ती म्हणे, "ऐसी कैसी सर्दी, जान लेने वाली?" आणि खिडक्या उघडून, फडकी हलवून, मला बाहेर ओट्यावर बसवून गेली. एवढं केलं ते केलं, वरून पोराला पुण्याला फोनही करून दिला.

पोराचा फोन आला तर आवाज चढलेला. "आई, मी तिकडं येतो अन् तुले घेऊनच जातो. तुझं वय आहे का आता एकटीनं चूल सांभाळायचं?" मी म्हटलं, माझं वय तुझ्या बापाला इचार. मग सुनेनं फोन घेतला. ती गोड बोलते, तिचं तसं काही वाईट नाही. पण तिच्या घरात मी महिनाभर राहून आली आहे, माय. तिथं चहा टाकायचा तरी साखरेचा डबा कुठं हे विचारावं लागते. मी पाहुणी असते तिथं. पाहुण्यासारखं बसून गरम गरम खायचं आणि 'छान झालं' म्हणायचं, ज्याची चव मला कागदासारखी लागते ते. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीच्या आत नवी शेगडी घ्यायची, जाळ विझला की गॅस आपोआप बंद होते अशी. नाही घेतली तर अकोल्याचं घर बंद आणि मी पुण्यात. नाकाचं त्यांना कळलं असतं तर शेगडीचंही नाव निघालं नसतं, सरळ सामान बांधलं असतं. म्हणून मी तोंड दाबून 'बरं' म्हटलं.

आणि मग पोरगं म्हणते, "मावशीकडं जाऊन पाहून ये ना. तिनं आत्ताच नवं किचन केलं. तिले समजते त्यातलं."

तिले समजते. माय, हे वाक्य मी किती वर्षांपासून ऐकून राहिली? हे कुठून सुरू झालं ते तुला आठवत नसेल, मला रोज आठवते. बाबा गेल्यावर चांदूर बाजारकडचं घर सोडून तू आम्हा दोघींना घेऊन अमरावतीला आली आणि मुलींच्या वसतिगृहात सैपाकाला लागली. त्या सैपाकघराची एक भिंत मागून पुढून काळी. ओळीनं तीन चुली. मागच्या अंगणात कापूस निघाल्यावर वाळलेल्या झाडांचे, पऱ्हाटीचे भारे येऊन पडायचे, त्याला हात लावला की बोंडाची टोकं बोटात घुसायची. जेवणाच्या खोलीकडं एक खिडकी होती, तिच्या फळीवर ताटं ठेवायची, पलीकडून मुली उचलायच्या. मी तेव्हा चौथी पास झालेली, ती पहिलीत. आणि तुझं ते रोजचं चाललेलं. मी चिडली की म्हणायची, "पऱ्हाटी हाय मेली. भडकली की भडकली, अन् मिनिटात राख." आणि ती कोपऱ्यात चुपचाप बसली असली की तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. "हे माही गोवरी. धुमसत राहते, पण इस्तू धरून ठेवते." गोवरी नाव ऐकायला काय चांगलं आहे? शेणाचंच ना? तरी मला वाटायचं, मला गोवरी म्हणावं.

एक दिवस वसतिगृहाच्या मोठ्या बाई सैपाकघरात आल्या. नाकाला रुमाल लावून दारातच उभ्या. म्हणाल्या, "एक जागा आहे. तुमच्या एका मुलीला ठेवून घेता येईल. राहील, जेवेल, शिकेल." एक म्हणाल्या, दोन नाही. तू भाकर थापून राहिली होती. हात थांबवला नाही तू. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हटलं, "धाकटीले ठेवा बाई. मोठीच्या हाताले आच समजते."

झालं. एवढ्या एका वाक्यात माझा निकाल लागला. आणि मी येडी, दोन दिवस खुशीत होती! माझी माय मोठ्या बाईंसमोर माझं कौतुक करते, माझ्या हाताले आच समजते. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं. ती ओळीत उभी, निळं परकर-पोलकं, दोन वेण्या, लाल रिबीन. तिनं ताट पुढं केलं. मी भाकर टाकली. मागून तू म्हणते, "तिले गरम दे व, ते वरची नको देऊ." मी वरची काढून खालची गरम दिली. हाताला आच समजते ना माझ्या! ज्याला काम येते त्याला कामाला लावायचं आणि ज्याला येत नाही त्याला शाळेत बसवायचं, हा न्याय कोणत्या गावचा माय? मला भाकर थापता आली नसती तर मी मुख्याध्यापिका झाली असती. ती झाली. माझ्या लग्नात तू मला तुझा लोखंडी चिमटा दिला, आणि ती दहावी झाली तेव्हा तिला मनगटावरचं घड्याळ. सांग आता, नाकात कोणाच्या घड्याळ पाहिजे होतं.

तर मी गेली अमरावतीला. मूर्तिजापूरच्या पुढं सगळीकडं कापूस फुटलेला. मी खिडकीतून पाहत होती आणि मनात बडबडत होती, पऱ्हाटी, पऱ्हाटी, पऱ्हाटी, सगळं वावर माझंच. ती स्टँडवर घ्यायला आली होती, स्वतःची गाडी चालवत. तिचे मिस्टर गावाला गेलेले. घरी गेल्याबरोबर मला पाणीही न देता सैपाकघरात नेलं. "ताई, पाह्य."

काय पाहू? डोळे दिपले माझे. काचेची शेगडी, ओट्यात बसवलेली, आरशासारखी. चार बर्नर. घरात दोघंच, त्यात नवरा पथ्याचं खाणारा, चार बर्नर कशाले? बटण फिरवलं की आपोआप पेटते, फुंकर मारून दाखवली तर आपोआप बंद झाली. भिंतीत ओव्हन, त्याला काचेचं दार, आत दिवा. मी काचेत पाहिलं तर माझंच तोंड दिसलं, फुगलेलं. मी म्हटलं, "इतकं सारं घेतलं, करते काय त्यात? मॅगी?"

ती हसली. "बस तं खरी. तुह्यासाठीच करून राहिली. रोडगे."

माय, ऐकलं का? रोडगे! जिनं आयुष्यात कधी चुलीत फुंकर मारली नाही, ती रोडगे करते! तुझे रोडगे, वसतिगृहात वर्षातून दोनदा व्हायचे ते. मागच्या अंगणात गोवऱ्या रचायच्या, खाली पऱ्हाटी लावून पेटवायच्या, जाळ बसला की निखाऱ्यात रोडगे दाबायचे. जाडी कणीक, ओवा, तेलाचं मोहन, छोट्या पाऱ्या करून एकावर एक तेल लावून ठेवायच्या आणि वरच्या पारीनं गोळा बंद करायचा. तू मला निखाऱ्यांपाशी बसवायची आणि डोळे मिटायला लावायची. पहिले ओल्या कणकीचा वास येते, मग ओव्याचा. मग ओवा मागं सरते आणि एक गोडसर वास पुढं येते, करपायच्या एक पाऊल अलीकडचा. तेव्हा काढायचे, फडक्यात घालून झटकायचे. तेवढी एकच गोष्ट होती जी तू मला दिली आणि तिला दिली नाही. तिनं शाळा घेतली, घड्याळ घेतलं, शेवटची तीन वर्षं तुलाही आपल्या घरी नेऊन ठेवून घेतलं. आता रोडगेही घेतले. आणि तेही राखेत हात न घालता, नेलपॉलिश लावलेल्या बोटांनी एक बटण फिरवून.

पहिला घाणा तिनं काढला. ताटात रोडगा फोडून तूप घातलं, वरण दिलं, वांग्याची भाजी. समोर उभी राहिली हात पुसत, वर्गात पेपर तपासायला दिल्यासारखी. "कसा झाला?"

मी तोंडात घातला. मीठ लागलं. तूप तोंडात पसरलं. बाकी काहीच नाही. चांगला झाला का वाईट, मला कसं कळणार? दाताखाली खुसखुशीत लागला, पदर सुटले होते, डोळ्यांनाही नीट दिसत होता. मी म्हटलं, "कच्चा आहे मधात."

तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं स्वतः एक तुकडा खाल्ला, चावत राहिली. "मले तं बरा लागला व ताई."

"तुले काय समजते. निखाऱ्याची सर पेटीले येते का?"

तिनं दुसरा घाणा आत टाकला, बटण फिरवलं. तेवढ्यात तिच्या शाळेतल्या कोणाचा फोन आला. बाहेरच्या खोलीत जाता जाता म्हणे, "ताई, लक्ष ठेवजो. घंटी वाजन थोड्या वेळानं, पण ते बटण जुन्या वेळेवर राहिलं का पाह्यलं नाही मी. तुले तं वासानंच समजते."

मी ओव्हनसमोर खुर्ची ओढून बसली. काचेतून रोडगे दिसत होते, ओळीत, वसतिगृहातल्या मुलींसारखे. बाहेर तिचं चाललं, "हो मॅडम, नाही मॅडम, सोमवारी पाहू." मी बसून तिचं सैपाकघर मोजत होती. डबे सगळे एकसारखे, झाकणांवर नावं लिहिलेली. ज्याला वास येते त्याला नावं लिहायची काय गरज? मला पाहिजेत नावं. मी हळद आणि बेसन हाताला लावून ओळखते. माझ्या मनात हे सगळं चालू आहे, समोर रोडगे तपकिरी होतात, मग आणखी तपकिरी होतात. आतल्या पिवळ्या दिव्यात ते मला चांगलेच दिसतात. थोडा धूर काचेला लागला, मला वाटलं वाफ.

ती बाहेरच्या खोलीतून पळत आली, फोन तसाच हातात. "ताई! जळून राहिले ना! समोर बसली तू अन् जळून राहिले!" दार उघडलं तर भपकन धूर. ताट बाहेर काढलं. सगळे कोळसे. ती माझ्याकडं पाहते, मी कोळशांकडं. आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. गोवरी धुमसते तसा. "मुद्दाम जाळले ना?"

माय, त्या एका घडीत मी काय काय विचार केला सांगू? एकच वाक्य बोलायचं होतं, 'मले वास येत नाही.' बोलली असती तर तिनं मला जवळ घेतलं असतं, डॉक्टरकडं नेलं असतं, आणि त्याच दिवशी पोराला फोन केला असता. शेगडी संपली, अकोला संपलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, 'बिचारी ताई.' आच समजणारी, नाकात घड्याळवाली ताई, आता डब्यांवर नावं लिहून मागते. ते मला सहन झालं नसतं. मी मान वर केली आणि म्हटलं, "हो. मुद्दाम जाळले. माह्या मायचे रोडगे आहेत ते, पेटीत घालायले नाहीत."

मला वाटलं आता भांडण होईल. झालं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता येते. पण तिनं ते ताट ओट्यावर ठेवलं, काळ्या रोडग्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मायच्या शेवटच्या महिन्यात मी केले होते रोडगे. गच्चीवर, गोवऱ्या आणून. हात भाजले होते दोन्ही. तिनं एक घास घेतला अन् थुकून दिला."

मी ओट्यावर पडलेला कोळशाचा चुरा बोटानं गोळा करायला लागली.

"म्हणे, हे नाही. पऱ्हाटीले बलाव. तिले म्हणा, तुह्या मायनं रोडगे मांगतले." तिनं डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. "मी तुले कळवलं, तू निघाली, पण तू यायच्या आत ते गेली. हे मी तुले आजलोक सांगितलं नाही."

"काहून?"

"काहून म्हणजे? तीन वर्षं मी केलं सगळं. मी उठवली, मी बसवली, मी न्हाऊ घातली. अन् शेवटी नाव तुहं. कायले सांगू? अजून फुगली असती तू." मग ती ओव्हनकडं पाहून म्हणाली, "तेव्हापासून करून राहिली मी. अजून जमले नाहीत. आज वाटलं होतं, तू म्हणशीन जमले."

मी दुपारच्याच एसटीनं परत आली. ती स्टँडवर सोडायला आली, 'पोहोचली की फोन कर' म्हणाली, मी केला नाही. गाडी चालू झाल्यावर मला रडू यायला पाहिजे होतं. खरं सांगू? मला आतून उकळी फुटत होती. तू मला मागितलं! तिच्या घरात, तिच्या पलंगावर पडून, तिच्या हातचा घास थुंकून तू मला मागितलं! बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीशी तोंड करून हसत होती. पुढं गेल्यावर लक्षात आलं, पंधरा माणसांचा सैपाक एका हातानं करणारी तू, घासभर रोडग्यासाठी तोंड उघडून वाट पाहत पडली होती आणि मी तेव्हा अकोल्यात. मग हसू थांबलं.

चार दिवसांनी मी इथल्या मोठ्या दुकानात गेली. विकणारा गडी चष्मेवाला, बोलायला तुरतुर. म्हणे, "काकू, इंडक्शन घ्या, जाळच नाही त्यात, टेन्शन नाही." मी म्हटलं, जाळ नाही तर मी काय पाहत बसू, तुह्यं तोंड? तेव्हा त्यानं शेगड्या दाखवल्या. एक बुटकी, दोन बर्नरची, लोखंडी जाळीची, जाळ विझला की गॅस बंद होणारी. तीनदा फुंकून पाहिली, तिन्हीदा बंद झाली. बटणं मोठी, सांधे दुखले तरी फिरतील अशी. चिमटा सोबत नेला होता तुझा, जाळीवर ठेवून पाहिला, घसरला नाही. तो गडी म्हणे, "काकू, चिमट्याचं माप घेणारं गिऱ्हाइक पहिल्यांदाच पाहतो." काचेची घेतली नाही. काच तिला शोभते, माझ्या हातून दुसऱ्याच दिवशी तडकली असती.

मग मी ओव्हनकडं बोट दाखवलं. का दाखवलं मला अजून कळत नाही. धाकटीकडं आहे तसाच, फक्त भिंतीत न बसणारा, लहान. मी त्या गड्याला म्हटलं, घंटी वाजवून दाखव. त्यानं बटण फिरवलं, थोड्या वेळानं टण्णकन वाजली. मी म्हटलं, आता मी दुकानाच्या बाहेर उभी राहते, तू पुन्हा वाजव. मी रस्त्यावर उभी राहिली, ऑटो जाऊन राहिले, तरी ऐकू आली. मी आत येऊन म्हटलं, बांध. तो म्हणे, "काकू, याच्यासोबत पुस्तक येते, इंग्रजीत आहे, घरी कोणी वाचणारं आहे ना?" मी म्हटलं, आहे.

पोराला फोटो पाठवला शेजारच्या आपाकडून. खूश झाला. म्हणे, आता काही टेन्शन नाही, राहा तिकडं. म्हणजे माझं घर माझ्याकडं राहिलं, माय. आपा नवी शेगडी पाहून म्हणे, "अब तो सर्दी में भी चलेगा," आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिली. शेगडीवर रोज सैपाक होते. ओव्हन मात्र ओट्यावर तसाच आहे, त्याच्यावर फडकं टाकून ठेवलं. बटणांवर आकडे वाचता येतात मला, पण बाजूला बारीक चित्रं आहेत, वरती रेघ, खालती रेघ, दोन्हीकडं रेघ. कोणती रेघ रोडग्यांची, कोणाला माहीत.

काल धाकटीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणे, "ओव्हन घेतला म्हणे."

"कोणं सांगितलं?"

"तुह्याच पोरानं. मी रविवारी येऊ का? बटणं लावून देतो. आकड्यांपाशी खडूनं खुणा करून देतो."

मी म्हटलं, ये. न यायला मी काय तुला बांधून ठेवली. मग ती एकदम सहज, दुसरंच काही बोलल्यासारखी म्हणाली, "त्याची घंटी चांगली मोठी असते ताई. वासाचं काही काम नाही पडत." आणि फोन ठेवला.

माय, हे तिनं काहून म्हटलं? मी कालपासून तेच वाक्य उलटंपालटं करून राहिली. तिला कळलं. कधी कळलं? धूर निघाला तेव्हा, का 'कच्चा आहे' म्हटलं तेव्हाच? कळून तिनं पोराला सांगितलं नाही. माझं खोटं माझ्या हातात तसंच राहू दिलं आणि स्वतः घास गिळल्यासारखी बसली. गोवरी ती गोवरी. मला राग येऊन राहिला. लपवलं मी, त्रास मी काढला, आणि ओळखायचं तेही तिनंच. इतकंही माझ्याकडं राहू नये?

उद्या ती येईल. कणीक जाडी दळून आणली आहे, ओवा निवडून ठेवला. पाऱ्या मी करीन, तिला नाही करू देणार. बटण तिनं लावावं, आणि काढायची वेळ झाली की तिनं नाकानं सांगावं. घंटी वाजायच्या आधी सांगता आलं तर मी मान्य करीन. मोठ्यानं नाही.

हे पत्र पाठवायचं कुठं? ते वसतिगृह पाडलं, तिथं आता गाड्या उभ्या राहतात. आणि पाठवलं तरी तुला वाचून दाखवायला तीच लागणार. म्हणून हे इथंच, पिठाच्या डब्याखाली. तिथं ती हात घालत नाही, पीठ अंगाला लागते तिच्या.

मी रोडगे मुद्दाम जाळले नाहीत, माय. मला कळलंच नाही. पण तिनं ताट बाहेर काढलं, सगळे काळे कोळसे झालेले पाहिले, आणि त्या घडीला, वास नाही, चव नाही, काही नाही, तरी मला बरं वाटलं.